१६० चौरस इंच

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये एक जुनं बाहुलीघर आहे. पेट्रोनेला ऊर्टमन या धनिक बाईंनी ते १६८६ ते १७१० या काळात सजवलं. कपाट कासवाच्या कवचाने मढवलेलं, त्यावर कथलाची नक्षी, आत बाळंतिणीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं, आणि चिनी मातीची इवली भांडी खास चीनहून मागवलेली. एवढ्या खर्चात कालव्याकाठी राहायचं खरं घर आलं असतं. पुढे १९२१ ते १९२४ दरम्यान एडविन लट्येन्स यांनी, म्हणजे नवी दिल्ली रचणाऱ्या त्याच वास्तुविशारदांनी, इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर उभारलं. ते आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी उत्तमोत्तम कारागिरांकडून घडवून घेतलेल्या ६८ खोल्या आहेत. १९३२ ते १९४० या काळात तयार झालेल्या या खोल्यांत युरोपातला तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आणि अमेरिकेतला सतराव्या शतकापासूनचा घरसंसार दिसतो.

या खोल्यांची छायाचित्रं मी मनापासून, पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. त्यांतल्या कारागिरीपुढे मान लववावी अशीच ती कामं आहेत. पण ती पाहताना एक प्रश्न मनातून जात नाही. लहान मापात जपून ठेवायचं भाग्य कुणाच्या खोल्यांना मिळालं? ज्यांना कारागिरांचे पैसे देता आले, बहुतेक त्यांच्याच, किंवा त्यांना ज्या घरांचं अप्रूप वाटलं त्या घरांच्या खोल्यांना.

याला एक मोठा अपवाद आहे. फ्रान्सिस ग्लेस्नर ली या अमेरिकी बाईंनी १९४० च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी संशयास्पद मृत्यूंचे देखावे तयार केले. भाड्याच्या खोल्या, साधी स्वयंपाकघरं, गरिबांची बिछान्याला बिछाना लागलेली घरं त्यांनी इतक्या बारकाईने केली की तपास कसा करायचा हे अधिकारी त्यांच्यासमोर बसून शिकले. त्यांतले १८ देखावे आजही बाल्टिमोरला आहेत. सामान्य माणसाची खोली एवढ्या गांभीर्याने पाहिली गेली याचं मला फार मोल वाटतं. मात्र तिथे कुणाची नजर वळायला त्या खोलीत आधी एक मृत्यू घडावा लागला.

हे पुस्तक एका जिवंत खोलीचं आहे, आणि ती राखाडी पुठ्ठ्यात करायची आहे.

खोली मुंबईच्या बीडीडी चाळीतली घेतली आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला काँक्रीटच्या या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याच्या मधोमध लांबलचक व्हरांडा, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, संडास सामाईक. एक खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगार, पोलीस, सरकारी कर्मचारी, गावाहून पोट भरायला आलेले भाऊ, पुतणे, गाववाले अशी माणसं तीत चार-चार पिढ्या राहिली. आता या चाळी पाडून तिथे उंच इमारती होत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नवं घर मोठं आहे, संडास घरात आहे, म्हातारीला रात्री व्हरांडा तुडवत जावं लागत नाही. हा आनंद खरा आहे आणि तो कुणी कमी लेखू नये. पण जुनी खोली पडली की तिची मापं कुठेच उरत नाहीत. नगररचनेच्या कागदांत भिंती सापडतील. मांडणी कुठे होती, पिंपावर झाकण कशाचं होतं, पाहुणा आला की कोण उठून व्हरांड्यात झोपायला जाई, हे सांगणारी माणसं आज आहेत, तोवरच हे काम व्हायला हवं.

मापाची सोय पाहा. लट्येन्स, थॉर्न आणि ली, तिघांच्याही कामात एका फुटाला एक इंच हेच प्रमाण होतं. आपल्यालाही तेच घ्यायचं आहे. १६० चौरस फुटांची खोली या प्रमाणात नेमकी १६० चौरस इंचांची होते. पुस्तकात ती १० बाय १६ धरली आहे, तुमची वेगळी असेल तर तुमचंच माप घ्या. १० बाय १६ इंचांची जमीन एका ए-थ्री कागदावर मावते. अख्खं कुटुंब जिथे नांदलं ती जागा कागदावर आखून टेबलावर ठेवली की अंगावर काटा येतो, आणि पुढचं काम आपोआप जपून होतं.

सुतारकामात इंचाचे आठ भाग करून एका भागाला सूत म्हणतात. आपल्या प्रमाणात एक सूत म्हणजे खरे दीड इंच. चौकटीची जाडी, फळीची कड, उंबरठ्याची उंची अशी लहान मापं सुतात मोजली की हिशेब तोंडी होतो. पुठ्ठ्याची जाडीही याच हिशेबात बसते. २ मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे खरी इंचभर जाडीची फळी, १ मिलिमीटरचा म्हणजे अर्ध्या इंचाचं दाराचं दिलं. फळ्या, मांडणी, माळा यांसाठी वेगळं लाकूड शोधावं लागत नाही. पुठ्ठ्याला बाजारात जी जाडी आहे तीच कामाला येते.

पुठ्ठा का, हे सविस्तर सांगायला हवं, कारण स्टेशनरीच्या दुकानात या कामासाठी विचारलं तर आधी फोमबोर्ड किंवा सनबोर्ड पुढे येतो. दोन्ही कापायला हलके, दिसायला स्वच्छ. फोमबोर्डात दोन कागदांच्या मध्ये पॉलिस्टायरिनचा फेस असतो, म्हणजे थर्माकोलचंच भावंड. सनबोर्ड पीव्हीसीचा. महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तेव्हा गणपतीची मखरं करणारे कितीतरी हात कागद-पुठ्ठ्याकडे वळले आणि या साध्या सामानात केवढी ताकद आहे ते सगळ्यांना दिसलं. मला पुठ्ठा याखेरीज आणखी एका कारणाने आवडतो. तो स्वस्त असल्यामुळे हात मोकळा राहतो. भिंत अर्धा इंच चुकली, खिडकी खाली बसली, आई म्हणाली, "अगं, दार असं नव्हतं, डाव्या हाताला उघडायचं," तर ती भिंत बाजूला ठेवून दुसरी कापता येते. महाग लाकडावर चूक झाली की माणूस चुकीशी तडजोड करतो. आठवणीतली खोली बांधताना तडजोड परवडत नाही, कारण पुढे लोक आपण केलेलीच खोली खरी मानणार आहेत.

ज्यांच्या घरी फोमबोर्ड पडून आहे त्यांनी तो जरूर वापरावा, मात्र चिकटवायला फेव्हिकॉलच घ्यावा. द्रावकाचा वास येणारे डिंक आतला फेस खाऊन टाकतात आणि भिंत आतून पोकळ होते.

भिंतीसाठी या पुस्तकात तीन थर सुचवले आहेत. बाहेरून आणि आतून २ मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा, मध्ये खोक्याचा पन्हळी पुठ्ठा, आणि पन्हळ उभी. अशी भिंत खऱ्या मापात चारेक इंच जाडीची दिसते आणि वर्षानुवर्षं सरळ राहते. कापताना धारदार कटर आणि स्टीलची पट्टी लागते. एकाच घावात पुठ्ठा तोडायचा नाही, हलक्या हाताने त्याच रेघेवरून कटर पुन्हा पुन्हा फिरवायचं. बोथट पातं कडा चुरगाळतं आणि निसटून बोटावर येतं, म्हणून पात्याचं टोक मोडून नवं काढण्यात कंजुषी नको. कोपरा जोडताना जाडीचा हिशेब धरावा लागतो. बाजूच्या दोन भिंती मागच्या भिंतीच्या आत बसणार की बाहेर, हे आधी ठरवून तेवढी जाडी मापातून वजा करायची. काटकोन डोळ्यांनी ठरवायचा नाही, सुताराचा गुण्या आत लावून पाहायचा.

पुठ्ठा वाकतो, ही सगळ्यांची तक्रार. कारण सोपं आहे. ओल्या डिंकाने कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पुस्तकबांधणी करणारे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, म्हणून ते पुठ्ठ्याच्या दुसऱ्या अंगालाही कागद लावतात आणि वजनाखाली वाळवतात. आपणही तेच करायचं. भिंतीला आतून कागद लावला की बाहेरूनही लावायचा, मग ती बाजू कुणाला दिसो वा न दिसो.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय: कोणती भिंत काढायची? देखाव्याला एक बाजू उघडी लागते, आणि त्या उघड्या बाजूवर आपण काय दाखवणार ते ठरतं. मराठी रंगभूमीला हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. रंगवलेल्या पडद्यांचा काळ मागे टाकत १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणलं तेव्हा तीन भिंतींची, खऱ्या दारा-खिडक्यांची खोली प्रेक्षकांनी पाहिली. तेव्हापासून आपल्या नेपथ्यकारांनी दिवाणखान्यापासून गिरणगावातल्या खोलीपर्यंत असंख्य घरांची चौथी भिंत काढली, आणि कित्येकांनी त्याआधी पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती करून दिग्दर्शकाशी वाद घातला. रंगमंचावर बाजूच्या भिंती किंचित बाहेर उघडलेल्या ठेवतात, कडेच्या खुर्चीवरून दिसावं म्हणून. आपण तसं करायचं नाही. आपला प्रेक्षक वाकून, मान तिरकी करून पाहू शकतो, आणि आपल्याला माप खरं ठेवायचं आहे.

व्हरांड्याकडची आखूड भिंत काढली तर बाहेरून कुणी डोकावल्यासारखी खोली दिसते. लांब भिंत काढली तर दारापासून खिडकीपर्यंतचा सगळा संसार एका ओळीत दिसतो: उंबरठा, चपला, मोरी, स्टोव्ह, मांडणी, ट्रंकांची उतरंड, वळकट्या आणि शेवटी खिडकी. मी लांब भिंत काढली आहे. दारातून आलेला माणूस किती पावलांत खिडकीला पोहोचतो हे त्याच बाजूने कळतं, आणि चाळीतल्या खोलीचं सारं गणित त्या थोड्या पावलांत आहे.

मापं मिळवायची कशी? खोली उभी असेल तर टेप घेऊन आजच जा. पडली असेल तर माणसांकडे जा. माझ्या आईला मी फळीची उंची विचारली तेव्हा तिला फुटांत सांगता येईना. मी म्हटलं, "तू डबा काढ बघू." ती नव्या घरातल्या मोकळ्या भिंतीसमोर उभी राहिली, टाचा उचलल्या आणि हात वर नेला. बोटं जिथे थांबली तिथे मी पेन्सिलने खूण केली आणि टेप लावली. त्यानंतर तिने स्टोव्हपुढे बसून दाखवलं, मोरीच्या कठड्यावर पाय ठेवून दाखवला, वळकटी खांद्यावर घेऊन माळ्याकडे ढकलून दाखवली. प्रत्येक हालचालीचं माप घेतलं. तोंडाने विचारून जे हाती लागलं नसतं ते तिच्या खांद्याने आणि गुडघ्याने सांगितलं. त्यानंतर मी इतरांनाही असंच विचारत गेले, आणि हीच रीत या पुस्तकात सगळ्यांत आधी दिली आहे, कटरच्याही आधी.

खोलीला साल असायला हवं. 'जुन्या काळची खोली' म्हटलं की भिंतीवर सगळे काळ एकत्र येतात. कालनिर्णय टांगलं की खोली १९७३ नंतरची झाली. दूरदर्शनचा संच ठेवला तर १९७२ च्या आधी जाता येत नाही, कारण मुंबई केंद्र त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या तारखेच्या एक महिना आधीची गिरणी कामगाराची खोली आणि एक वर्षानंतरची खोली यांच्या मांडणीवर वेगवेगळं सामान असेल. काय विकलं गेलं, काय गहाण पडलं, कोणत्या खुंटीवरचा डबा आता रिकामा लोंबतोय, हे ज्याला माहीत आहे त्याने साल ठरवूनच काम सुरू करावं. पुस्तकातली खोली १९८१ च्या पावसाळ्यानंतरची आहे.

उजेडाबद्दल बीडीडीची खोली आपणच शिकवते. व्हरांडा इमारतीच्या मध्ये असल्याने दाराकडून अंधार, उजेड येतो तो फक्त समोरच्या खिडकीतून. म्हणून देखाव्यात वरून किंवा समोरून दिवा लावायचा नाही. खिडकीच्या बाहेर, पेटीच्या कडेला लहान एलईडी ठेवायचा, पिवळसर उजेडाचा, पुढे बटर पेपरचा तुकडा. हा उजेड जमिनीवर तिरका पडला की फरशीचे सांधे, भिंतीचा खडबडीतपणा, भांड्यांच्या कडा सगळं उठून येतं. समोरून प्रकाश टाकला की तेच काम सपाट दिसतं. थॉर्न यांच्या खोल्यांतही खिडक्यांबाहेर अंगणं आणि रस्ते रंगवलेले आहेत आणि उजेड तिथूनच आत येतो. गिरगावातल्या गॅलरीच्या चाळीची खोली करणाऱ्याला उजेडाची सगळी मांडणी बदलावी लागेल. तिथे गॅलरीतूनही उजेड येतो, शिवाय भिंती जाड आणि सांगाडा लाकडी. अशा खोलीत खिडकीच्या ठिकाणी दोन भिंती करून मध्ये इंच-सव्वा इंच अंतर ठेवावं, म्हणजे माणूस पाय वर घेऊन बसेल एवढी खिडकीची बैठक मिळते.

रंग चकचकीत नको. नीळ घातलेल्या चुन्याचा हात दाखवायचा तर पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये निळ्याचा थेंब आणि थोडी खडूची पूड. खालच्या कंबरभर पट्ट्याला ऑइलपेंटचा हिरवा, पण त्याचीही चमक पुसून. झीज सगळीकडे सारखी फासू नये, ती हातांच्या जागी येते. कडीजवळ, दिव्याच्या बटणाभोवती, जमिनीपासून दोन-अडीच इंचांवर, म्हणजे रांगून उभं राहणारं मूल जिथे भिंत धरतं तिथे. स्टोव्हच्या मागे काजळी वर जाताना पसरते, म्हणून खाली गडद आणि वर फिकट. खिडकीच्या गजांना अगरबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या चालतात, त्यांची जाडी या मापात अगदी गजाएवढी भरते. कपड्यांसाठी नवं कापड घेऊ नये, ते या मापात ताठ उभं राहतं. धुवून धुवून विरलेलं सुती धोतर किंवा मलमल घ्यावी, पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकावी आणि ओली असतानाच घड्या बोटांनी खाली ओढाव्या.

वस्तूंच्या बाबतीत माझा आग्रह आहे, आणि तो वाचकाला थोडा कडक वाटेल. खोली रिकामी, नीटनेटकी, सुंदर करू नका. छोट्या मापात सगळंच गोड दिसायला लागतं आणि हात आवरता येत नाही. एक पितळी कळशी, एक पाट, भिंतीवर गणपती, कोपऱ्यात कंदील, इतकं ठेवून थांबलं की चित्र होतं, खोली होत नाही. आठ-नऊ माणसं राहत असतील तर आठ-नऊ माणसांचं सगळं ठेवा: तेवढी ताटं, तेवढ्या वळकट्या, तेवढे कपडे, मुलांची दप्तरं, गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर, कुणाची तरी औषधं. ठेवता ठेवता जागा संपेल. मग तुम्हाला एक वस्तू दुसरीच्या वर ठेवावी लागेल, एक खाटेखाली सरकवावी लागेल, एक खुंटीला टांगावी लागेल. ज्या बाईने ती खोली चालवली तिने रोज हेच केलं. तिची हुशारी काय होती ते पुठ्ठ्याच्या १६० चौरस इंचांत सामान लावताना बोटांना कळतं, आणि मला हे काम करावंसं वाटलं त्याचं मुख्य कारण तेच आहे.

माणसं मी ठेवलेली नाहीत. पाच इंचांची बाहुली उभी केली की नजर तिच्या चेहऱ्यावर जाते आणि चेहरा साधत नाही. आत्ताच कुणी उठून गेल्याच्या खुणा पुरतात. कुणाला ठेवायचीच असतील तर पाठमोरी ठेवावी.

मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, समोर ॲक्रिलिकची काच सरकती बसवावी, आणि पावसाळा संपला की काच काढून पेटी दोन दिवस पंख्याखाली वाळवावी. खळ वापरणाऱ्यांना कसर लागण्याची भीती असते. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी आहे, मुलं काम करणार असतील तर फेव्हिकॉलच ठेवा.

शेवटचं काम जमिनीच्या खालच्या बाजूला करायचं आहे, पेटी बंद करण्याआधी. तिथे पक्क्या शाईने लिहा: चाळीचा क्रमांक, मजला, खोली, तुम्ही धरलेलं साल, प्रमाण एका फुटाला एक इंच. कोणती मापं टेपने घेतली आणि कोणती कुणाच्या आठवणीतून आली तेही वेगवेगळं लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह, त्यांची परवानगी घेऊन. जिथे दोघांचं पटलं नाही तिथे दोघांचंही म्हणणं लिहा. आमच्या खोलीच्या तळाशी मोरीच्या कठड्याची दोन मापं आहेत, एक आईचं, एक मोठ्या काकांचं. कठडा आईच्या मापाने केला आहे, कारण भांडी ती घासत असे. काकांचं माप शेजारीच लिहिलेलं आहे. पुढे ज्याला पुरावा सापडेल त्याने तेवढा कठडा सोडवून नवा लावावा. पुठ्ठ्यात ते सहज होतं.